दोनशे बारा कवळ्या

सोमवारी सकाळी साडेनऊ वाजता आमच्या दातांच्या धर्मादाय दवाखान्यातल्या दोनशे बारा कवळ्या पोरक्या झाल्या.

हरवली एकही नव्हती. तुटली एकही नव्हती. सगळ्या, वाटपासाठी तयार, आपापल्या प्लास्टिकच्या डब्यांत, पाण्यात, कपाटाच्या सहा फळ्यांवर ओळीने बसून हसत होत्या. फक्त कुठली कवळी कुणाच्या तोंडातली, हे त्या घटकेपासून जगात कुणालाही सांगता येत नव्हतं. प्रत्येक कवळीवर बारीक नंबर कोरलेला होता. नंबर कुणाचा, ते संगणकाला माहीत होतं. आणि संगणकाला कुणीतरी बाहेरून कुलूप घातलं होतं.

दवाखान्यातल्या तिन्ही संगणकांचे पडदे लाल झाले होते. मधोमध कुलपाचं चित्र आणि खाली मजकूर. बाकीचे लोक कुलूप बघून ओरडत होते, तोवर मी मजकूर वाचून काढला. मला अक्षरओळख चाळिशी उलटल्यावर झाली, त्यामुळे समोर आलेलं काहीही अर्धवट सोडवत नाही. मजकूर यंत्राने आपल्या भाषेत आणलेला असावा, कारण सुरुवातच 'प्रिय बळी' अशी होती. पुढे लिहिलं होतं की, आपल्या सर्व फायली आम्ही काळजीपूर्वक बंद केल्या आहेत, घाबरू नये, किल्लीसाठी पाच दिवसांत रक्कम भरावी, शंका असल्यास निःसंकोच विचारावे. आमच्या दवाखान्यात गेल्या वीस वर्षांत कुणी कुणाला निःसंकोच विचारावे असं म्हटलेलं मला आठवत नाही.

आमचे व्यवस्थापक साहेब धावत आले. यांना आम्ही पाठीमागे 'कागदमुक्त' म्हणतो. रुजू झाल्या दिवशीच त्यांनी सगळी रजिस्टरं रद्दीत घातली होती. डब्यावर रुग्णाचं नाव लिहायचं नाही, कारण नाव ही खासगी गोष्ट आहे. डब्यावर फक्त नंबर, आणि नावं आत माप घेताना संगणकात. रद्दीवाला रजिस्टरं बांधत होता तेव्हा साहेब त्याच्याशेजारी उभे राहून फोटो काढून घेत होते.

साहेबांनी लाल पडदा पाहिला आणि तिन्ही संगणक बंद करून चालू केले. पडदे पुन्हा लाल. मग त्यांनी ते पुन्हा बंद करून चालू केले. दुपारी संगणकाच्या तज्ज्ञ बाई आल्या. वयाने आमच्या धाकट्या मुलीएवढ्या, पाठीवर पिशवी, चेहऱ्यावर डॉक्टर नातेवाइकांना बाहेर बोलावतात तेव्हाचा भाव. त्यांनी आधी सगळ्यांना खुर्च्यांवरून उठवलं आणि भिंतीतल्या तारा उपटून टाकल्या.

"हे आत कसं आलं?" त्यांनी विचारलं.

 त्यांनी स्वतःच शोधलं. शनिवारी साहेबांना संगणकावर एक पत्र आलं होतं. उत्कृष्ट व्यवस्थापनासाठी आपली निवड झाली आहे, प्रमाणपत्र सोबत जोडलं आहे, उघडून पाहावे. साहेबांनी उघडलं. प्रमाणपत्र दिसेना, म्हणून शेजारच्या संगणकावर उघडलं. तिथेही दिसेना, म्हणून तिसऱ्यावर.

"तिन्हीवर?" तज्ज्ञ बाई म्हणाल्या.

"पडदा खराब असेल असं वाटलं," साहेब म्हणाले. मग एकदम कुणीतरी चावी दिल्यासारखे ताठ झाले. "पण राखीव प्रत आहे आपल्याकडे! रोजची! कपाटात, कुलपात!"

 राखीव प्रतीची डबी माझ्या ताब्यात होती. रोज संध्याकाळी ती संगणकाला जोडायची, नक्कल झाली की काढायची आणि कपाटात ठेवायची, असा लेखी हुकूम होता. पण जोडायची जागा टेबलाखाली, पार मागे, भिंतीला लागून. तिथे जायचं तर रांगावं लागतं, आणि माझे गुडघे आता रांगत नाहीत. म्हणून मी एकदाच, पाच महिन्यांपूर्वी, डबी जोडली आणि तिथेच राहू दिली. मला वाटलं, रोज थोडा वेळ जोडण्यापेक्षा चोवीस तास जोडलेली बरी, काम जास्त होईल. डबीवर हिरवा दिवा लुकलुकायचा. मला तो शाबासकीसारखा वाटायचा.

तज्ज्ञ बाईंनी टेबलाखाली बघितलं. "ही जोडलेलीच होती? मग हिलाही कुलूप लागलं. कुणी ठेवली?"

सगळा दवाखाना माझ्याकडे बघायला लागला. तीन संगणकांवर तीन वेळा पत्र उघडणारे साहेबसुद्धा.

"मी," मी म्हणालो.

"तुमच्या वयाचा विचार करता," साहेब म्हणाले आणि थांबले. वाक्य त्यांनी आजतागायत पुरं केलेलं नाही.

मग त्यांनी कवळ्यांचं कपाट बंद केलं, वर कागदाची पट्टी चिकटवली आणि पट्टीवर सही केली. चुकीची कवळी चुकीच्या तोंडात गेली तर जबाबदारी कोणाची? यादी मिळेपर्यंत एकही कवळी हलणार नाही.

आता खरी गोष्ट सांगतो. त्या दोनशे बारांत एक कवळी आमच्या हिची होती, आणि ती मी त्याच सोमवारी घरी न्यायची होती.

हिचे उरलेले दात तीन महिन्यांपूर्वी काढले. तेव्हापासून ही तोंडावर हात ठेवून बोलते. हात कामात असला तर बोलतच नाही. आमची ही म्हणजे जिन्यातून चार घरांना ऐकू जाईल असं हसणारी बाई. ती गप्प झाल्यावर आमचं घर दुसऱ्या कुणाचं तरी असल्यासारखं वाटायला लागलं. तिचा धाकटा भाऊ अकरा वर्षांनी परदेशातून येणार होता, त्या सोमवारनंतरच्या दुसऱ्या रविवारी. आई गेल्यावर हिनेच त्याला वाढवला. फोनवर चेहरा दिसतो म्हणून तीन महिने ही फोन छताकडे करून त्याच्याशी बोलत होती. तो म्हणायचा, ताई, मला फक्त पंखा दिसतोय. ही म्हणायची, फोन बिघडलाय.

"तो मला अशी बघेल आणि रडेल," ती एकदा म्हणाली होती, हाताआडून. "अकरा वर्षांनी यायचं आणि रडायचं, याला काय अर्थ आहे?"

सोमवारी संध्याकाळी मी रिकाम्या हाताने घरी आलो. तिने भुवयांनीच विचारलं, आणली?

मी सगळं सांगितलं. डबीचं सोडून. ती ऐकत राहिली, मग उठून कणीक मळायला गेली. कणकेवर तीन-चार बुक्क्या पडल्याचा आवाज आला.

अर्ध्या तासात शेजारीण आली. पलीकडच्याच दारातली. आमची भिंत एक, पाण्याची टाकी एक, आणि तिच्या मते विचारही एक. ती मला भाऊ म्हणते आणि आमच्या घरात काही बिनसलं की ते तिला आमच्या आधी कळतं. तिचीही कवळी त्याच कपाटात होती.

"भाऊ, बंद करून चालू करून बघितलं का?"

"बघितलं."

"दोनदा?"

"दोनदा."

"मग वायर उलटी लावून बघा. आमच्या मिक्सरला तेच लागतं."

वरच्या मजल्यावरचे निवृत्त पोस्टमास्तर आले. त्यांचं म्हणणं, चोरांशी घासाघीस करा. निम्म्यावर येतात. चोर परका असला तरी गिऱ्हाईक सोडत नाही. शिवाय पावती मागा. पावतीवर पत्ता येतो, पत्त्यावर पोलीस पाठवा. हे त्यांनी इतक्या गंभीरपणे सांगितलं की मी कागद घेऊन लिहायला बसलो होतो.

मंगळवारी साहेबांनी मला पोलीस चौकीत पाठवलं. डबी तुम्ही ठेवली होती, तर तक्रार तुम्हीच करा, हे त्यांचं न्यायशास्त्र. चौकीतल्या जमादारांनी लांबलचक अर्ज पुढे ओढला.

"काय चोरीला गेलं?"

"काही नाही. सगळं जागेवर आहे."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "मग तक्रार कसली?"

"उघडत नाही. कुलूप लावून गेलेत."

"कुलूप त्यांनी आणलं? स्वतःचं?"

"हो."

"म्हणजे तुमच्याकडे एक वस्तू जास्त आली." ते विचारात पडले. "दार तोडलं का खिडकी? इथे खूण करावी लागते. खूण केली नाही तर अर्ज पुढे सरकत नाही."

"दोन्ही नाही. पत्रातून आले."

"पत्रपेटी," ते म्हणाले आणि खिडकीवर खूण केली. मग वस्तूच्या वर्णनात त्यांनी लिहिलं: दात, संच दोनशे बारा, वापरात नसलेले. मी अर्ज पूर्ण वाचला, दोन ठिकाणी दुरुस्ती सुचवली. त्यावर ते म्हणाले, आजोबा, तुम्ही तक्रार करायला आलात का पेपर तपासायला?

बुधवारी विश्वस्तांची बैठक झाली. पैसे द्यायचे नाहीत, हे तज्ज्ञ बाईंनी तासभर समजावलं. दिले तरी किल्ली मिळेल याची खात्री नाही, मिळाली तरी चालेल याची नाही, आणि देणाऱ्याकडे ते पुन्हा येतात. संगणक पुसून कोरे करायचे, नव्याने बसवायचे. काम चालू होईल. जुनं मात्र गेलं. अध्यक्षांनी विचारलं, मग कवळ्यांचं काय? बाई म्हणाल्या, माझं काम संगणकाचं आहे. अध्यक्ष म्हणाले, आमचं दातांचं आहे. आणि दोघं एकमेकांकडे बघत राहिले.

आणि मी, कोपऱ्यातल्या स्टुलावर, खिशावर हात दाबून बसलो होतो. कारण उत्तर माझ्या खिशात होतं.

त्या खिशात एक वही होती. माप-खिडकीवर मी बसतो. रुग्ण आला की त्याला नंबर देणं माझं काम. साहेबांनी नावं लिहायला बंदी केली, पण नुसत्या नंबरावर माझा जीव बसेना. शिवाय जोडाक्षरांची लांबलचक नावं लिहायला मला वेळ लागतो. म्हणून मी चोरून, माझ्यापुरतं, नंबरासमोर माणसाची खूण लिहून ठेवायचो. कुणाचं नाव नाही, म्हणजे नियमही मोडला नाही, असं मी स्वतःला सांगायचो. वही ठेवल्याचं कळलं असतं तर, डबीच्या पाठोपाठ, माझी खुर्ची गेली असती. आणि खुर्चीचंही एक वेळ सोडा. वहीत काय लिहिलं होतं ते मला माहीत होतं.

गुरुवारी सकाळी ही आरशासमोर उभी होती. ओठ मिटून हसायची सवय करत होती. मी दारात आहे हे तिला कळलं नाही. तिने तीन-चार प्रकारे ओठ मिटून बघितले, एकही पसंत पडला नाही, आणि आरशावर टॉवेल टाकला.

मी दवाखान्यात गेलो आणि वही साहेबांच्या टेबलावर ठेवली.

साहेबांनी वही उघडली. पहिलंच पान. त्यांनी मोठ्याने वाचलं. "चौदा. नाकात बोलणारे, वय खोटं सांगितलं. पंधरा. बायकोला घाबरतात. सोळा. पंधराची बायको. बरोबर घाबरतात." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "हे काय आहे?"

"यादी," मी म्हणालो.

तज्ज्ञ बाई खिडकीकडे तोंड करून उभ्या होत्या. त्यांचे खांदे हलत होते.

बाईंनी सुचवलं की, मी दारात बसावं, माणूस ओळखावा आणि गुपचूप त्याचा डबा द्यावा. पण हे पद्धतशीर झालं नसतं. साहेबांनी पद्धत ठरवली. फाटकावर नोटीस लावायची, सगळ्यांना शनिवारी अंगणात बोलवायचं, वहीतली नोंद जाहीर वाचायची, ज्याची असेल त्याने उभं राहायचं, दोन साक्षीदारांनी सही करायची, मग डॉक्टरांनी कवळी तोंडात बसवून बघायची. नोंद जशी आहे तशीच वाचायची. शब्द बदलला तर कागदपत्रात फेरफार होतो. हे कागदमुक्त बोलत होते.

शनिवारी अंगणात दीड-पावणेदोनशे माणसं जमली. सगळी बिनदातांची, सगळी चिडलेली. असा घोळका चिडून बोलायला लागला की नुसता वारा सुटल्यासारखा आवाज येतो. साहेब लाकडी पेटीवर उभे राहिले आणि माझी वही वाचू लागले.

"एकवीस. सारखे खोकतात, पण डॉक्टर आले की थांबतात."

कुणी उठेना. मला माणूस दिसत होता, दुसऱ्या रांगेत, चेहरा लालभडक. तो उठला असता तर नोंद कबूल केल्यासारखं झालं असतं. शेवटी त्याला खोकला आला आणि आपोआप ओळख पटली.

"बत्तीस. सुनेची निंदा, एक तास."

यावर सात बायका उभ्या राहिल्या. सातही म्हणाल्या, मीच.

"एकेचाळीस. सभ्य गृहस्थ."

यावर अंगणातले सगळे पुरुष उभे राहिले.

माझी काय अवस्था झाली ते लिहिता येत नाही. वीस वर्षं ज्यांच्याशी मी खिडकीतून अदबीने बोललो, ती माणसं एकेक करून डबा घेऊन माझ्यासमोरून जात होती आणि प्रत्येक जण थांबून माझ्याकडे बघत होता. एका निवृत्त मुख्याध्यापिका बाईंची नोंद होती, 'आवाज मोठा, मन लहान'. त्यांनी डबा घेतला, कवळी तोंडात घातली, जिभेने चाचपली, आणि त्या नव्याकोऱ्या दातांनी पहिला शब्द काढला तो मला उद्देशून. तो इथे देत नाही. उच्चार मात्र स्वच्छ होता.

"अठ्ठ्याऐंशी. घरची," साहेबांनी वाचलं. मी उभा राहिलो. ही आली नव्हती. मरेन पण त्या अंगणात तोंड उघडून उभी राहणार नाही, असं तिने स्पष्ट सांगितलं होतं. डबा मी सही करून घेतला.

"एकोणनव्वद. खोटी बहीण."

शेजारीण उठली. कर्मचाऱ्याच्या नातेवाइकाला कवळी सवलतीत मिळते, म्हणून तिने खिडकीवर स्वतःला माझी बहीण म्हणवून घेतलं होतं. पावणेदोनशे माणसं आमच्याकडे बघत होती.

"खोटी?" साहेब म्हणाले.

"त्यांना वाटत असेल खोटी," शेजारीण पदर सावरत म्हणाली. "मी सख्खीच समजते." आणि डबा घेऊन गेली. डॉक्टरांनी तिच्या तोंडात बसवून पाहिली, हिरडीकडच्या बाजूने जरा घासली, म्हणाले, बसतेय.

उरलेल्या पन्नासेक कवळ्यांची नोंद कुणीच कबूल केली नाही. त्या रविवार-सोमवारी लोकांच्या तोंडात एकेक बसवून, जंतुनाशकात बुडवून, पुन्हा दुसऱ्याच्या तोंडात बसवून वाटल्या. डॉक्टर संध्याकाळी हात धुताना म्हणाले, मी पशुवैद्य व्हायला हवं होतं, गुरं निदान आपापले दात घेऊन येतात.

घरी हिने कवळी घातली. तोंड उघडलं, मिटलं. खाली-वर आपटल्याचा टक् असा आवाज आला.

"कशी आहे?" मी विचारलं.

"छान," ती म्हणाली. टक्. "लागते थोडी. सवय होईल." टक्, टक्.

प्रत्येक वाक्याच्या शेवटी टक्. पण तोंडावर हात नव्हता. तीन महिन्यांनी मला तिची हनुवटी दिसली. माझं काय होईल ते होवो, असं म्हणून मी त्या दिवशी जरा बरा झोपलो.

इथे गोष्ट संपायला हरकत नव्हती.

बुधवारी तज्ज्ञ बाई संगणक नव्याने बसवून झाल्या आणि तळघरात यंत्रांच्या जोडण्या तपासायला गेल्या. तिथे कवळीवर नंबर कोरायचं यंत्र आहे. ते चालवणारे गृहस्थ दिवसाला चार वाक्यं बोलतात, त्यातली दोन जेवणाबद्दल. बाईंनी सहज विचारलं, या यंत्राला नंबर कुठून येतो?

"संगणकातून. नावासकट येतो. त्याच्या पोटात राहतो," ते म्हणाले.

"किती दिवस राहतो?"

"पुसेपर्यंत."

"मग तुम्ही कुणाला सांगितलं का नाही?"

"मला कुणी विचारलं नाही."

यंत्र वेगळ्या तारेवर होतं, म्हणून त्याला कुलूप लागलं नव्हतं. दोनशे बारा नंबर, दोनशे बारा नावं, पत्त्यांसकट. नऊ दिवस आम्ही चौकीत, बैठकीत, अंगणात, लोकांच्या जबड्यात जे शोधत होतो, ते आमच्या पायाखाली शांतपणे बसलं होतं.

यादीशी ताडून पाहिलं. एकतीस कवळ्या चुकीच्या तोंडात गेल्या होत्या.

साहेबांनी मला एकतीस जणांना फोन करायला बसवलं. कुणी परत करायला तयार होईना. एक आजी म्हणाल्या, माझ्या नातवंडांना हे हसणं आवडतं, आता बदलणार नाही. एक गृहस्थ म्हणाले, सरकारी कागद दाखवा. एक जण आला, त्याने स्वतःची खरी कवळी पाहिली, दुसऱ्याची तोंडातली चाचपली, आणि म्हणाला, राहू द्या, ही चांगली आहे. इतके दिवस सत्य हरवलं म्हणून आरडाओरडा चालला होता, आणि आता सापडलं तर घ्यायला गिऱ्हाईक नाही.

अठरावा फोन कुणाला करायचा म्हणून यादीत बघितलं. अठ्ठ्याऐंशी नंबरासमोर शेजारणीचं नाव होतं. एकोणनव्वदसमोर हिचं.

मी यादी तीनदा वाचली. दोघी बाकावर बसल्या होत्या तेव्हाच मी माझ्या हाताने लिहिलं होतं, आधी घरची, मग खोटी बहीण. चुकलं कुठे, कळेना. पण यंत्र खोटं बोलत नव्हतं. ही टक् टक् करत होती ती शेजारणीच्या दातांनी, आणि शेजारीण हिच्या.

आता करायचं काय? हिला सांगितलं तर ही ती कवळी तत्क्षणी कचऱ्यात टाकणार. तिच्या तोंडातलं? माझ्या तोंडात? आणि रविवार चार दिवसांवर. शुक्रवारी मी शेजारणीकडे गेलो. म्हटलं, अंदाज घ्यावा. कवळी कशी काय, विचारलं. तिने उत्तर न देता एक सफरचंद घेतलं आणि कचकन चावलं.

"भाऊ," ती म्हणाली, तोंडभर रस, "देवमाणूस आहात तुम्ही. जन्मापासून माझेच असल्यासारखे वाटतात!"

मी सफरचंदाची एक फोड खाऊन परत आलो.

रविवारी मेहुणा आला. केस पांढरे झालेले, पोट सुटलेलं, हातात दोन बॅगा. हिने दार उघडलं. तो बॅगा टाकून तिच्या गळ्यात पडला आणि मग लांब होऊन तिच्याकडे पाहू लागला. 

"ताई," तो म्हणाला, "तू तशीच आहेस."

ही मिटल्या ओठांनी हसली. टक्.

तो रडला नाही. तेवढं झालं. पण ही त्याच्याशी चार शब्दांच्या वर बोलेना. कसा आहेस, बस, चहा घे. तो लहानपणच्या गोष्टी सांगायला लागला, हिने त्याला शाळेतून पळून येताना पकडलं ती गोष्ट, ज्यावर ही हमखास डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसते. तिने नाकातून 'हं' केलं आणि गालावर हात ठेवला. कवळी सटकत होती. तो मधूनमधून माझ्याकडे बघून भुवया उंचावत होता. भाऊजी, हिला काय झालंय?

इतक्यात शेजारीण आली. न बोलावता. पाहुणा बघायला. त्याने तीच शाळेची गोष्ट तिला सांगितली आणि ती डोकं मागे टाकून, तोंड भरून, सगळे दात दाखवून हसली. चार घरांना ऐकू गेलं असेल. मेहुणा खूश झाला. पुढचा तासभर तो तिच्याकडे तोंड करून बोलत होता, कारण हसायला तीच होती. ही कपबशा आत-बाहेर करत राहिली.

संध्याकाळी तो हॉटेलवर गेला. कामाच्या गडबडीतून एकच दिवस काढला होता, सकाळी निघायचं होतं त्याला.

हिने कवळी काढली, वाटीतल्या पाण्यात ठेवली आणि माझ्यासमोर बसली. तोंडावर हात ठेवला नाही.

"अकरा वर्षांनी आला," ती म्हणाली, "आणि मी कवळी सांभाळत बसले."

मी वाटी जरा बाजूला सरकवली.

"तिचे दात पाहिलेत? दात असावेत तर तसे. तुमच्याच दवाखान्यातले ना? मग माझ्याच वेळी काय झालं होतं?"

"गर्दी होती," मी म्हणालो.

"मला दुसरी करून द्या. पुन्हा माप देईन मी. पण या वेळी एकटी येणार. तिला सांगायचं नाही. मागच्या वेळी आपला नंबर पुकारला तर माझ्या आधी उठून गेली आत. दूध गॅसवर आहे म्हणाली. मी म्हटलं, जाऊ दे, कोण भांडणार, दोन मिनिटांचा तर प्रश्न."

मी वाटीकडे बघत होतो. मला वाटतं मी जरा जास्तच वेळ बघत राहिलो, कारण तीही वाटीकडे बघायला लागली. मग माझ्याकडे. मग पुन्हा वाटीकडे.

"तुम्ही आधी माझं लिहिलं होतंत," ती हळूच म्हणाली.

मी मान हलवली.

ती ओरडली नाही. उठली नाही. भिंतीपलीकडे शेजारीण फोनवर कुणाला तरी पाहुण्याची हकिकत सांगत होती आणि मधेच मोठ्याने हसली.

"ऐका," आमची ही म्हणाली. "माझं हसणं चाललंय तिकडे."